किरणांचे माप घेणारे होमी भाभा

डॉ. होमी भाभा कोण, असे शाळेतल्या मुलांना विचारले तर बहुधा उत्तर मिळते, त्यांच्या नावाची परीक्षा असते. सहावी आणि नववीची बालवैज्ञानिक स्पर्धा राज्यभर ओळखीची आहे. मोठ्या माणसांना विचारले तर अणुबॉम्ब नाहीतर विमान अपघात एवढेच आठवते. मात्र या माणसाने आयुष्याची उमेदीची वर्षे न दिसणाऱ्या किरणांचे आणि कणांचे गणित मांडण्यात घालवली, हे क्वचितच कोणी सांगते. सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरला तीच बाजू जास्त जवळची वाटते.

त्याला कारण आहे. आपल्या भागात खर्रा आणि तंबाखूमुळे तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण सतत येतात. त्यांतल्या अनेकांना किरणोपचारासाठी नागपूरला पाठवावे लागते. लोक त्याला 'शेक देणे' म्हणतात. शेक म्हटले की घरात भीती पसरते. शरीर जळून जाईल का? घरी आल्यावर नातवाला मांडीवर घ्यायचे की नाही? किती दिला आणि किती जास्त झाला हे कोणाला कळते? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. जे दिसत नाही ते मोजता येत नाही, अशी आपली समजूत असते. भाभांचे आयुष्य वाचले की ती दूर होते.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म मुंबईत ३० ऑक्टोबर १९०९ रोजी एका सधन, शिकलेल्या पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर हे वकील, आजोबा म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे मोठे अधिकारी. आत्या मेहेरबाई या जमशेदजी टाटांचे थोरले चिरंजीव सर दोराबजी यांच्या पत्नी. घरात पुस्तके होती, पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या होत्या, टाटांच्या घरी उद्योगधंद्याच्या गप्पा कानावर पडत होत्या. होमी चित्रे काढायचे, संगीत ऐकायचे, गणिताची पुस्तके वाचायचे. शाळा कॅथेड्रल, मग एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले.

घरच्यांचा बेत सरळ होता. मुलाने मेकॅनिकल इंजिनिअर व्हावे आणि परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे. त्या काळी यापेक्षा चांगली नोकरी कोणती? पण केंब्रिजमध्ये डिरॅक शिकवत होते, कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत रुदरफोर्ड होते. अणूच्या आतले जग दर महिन्याला नव्याने उलगडत होते. होमींनी वडिलांना पत्र लिहून कळवले की धंदा किंवा इंजिनिअरची नोकरी आपल्या पिंडाला मानवणारी नाही, आपल्याला भौतिकशास्त्रच करायचे आहे. वडिलांनी ओरडा केला नाही, पण अट घातली. आधी इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास हो, मग गणित शिकायला पैसे देतो. होमींनी १९३० मध्ये इंजिनिअरिंग आणि १९३२ मध्ये गणित, दोन्ही परीक्षा पहिल्या वर्गात पार केल्या. आज बारावीनंतर मुलांच्या मनाविरुद्ध शाखा निवडणाऱ्या पालकांनी जहांगीर भाभांची ही तडजोड जरूर लक्षात घ्यावी.

होमी केंब्रिजमध्ये शिकत असताना, १९३१ साली, आत्या मेहेरबाईंचे रक्ताच्या कॅन्सरने निधन झाले. पुढच्याच वर्षी सर दोराबजीही गेले. रेडियमने कॅन्सरवर उपचार करणारी संस्था भारतात असावी, अशी इच्छा टाटांच्या घरात तेव्हापासून होती. त्यातूनच परळचे टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. या हॉस्पिटलशी भाभांचा संबंध पुढे पुन्हा येणार आहे.

भाभांनी संशोधनासाठी विषय घेतला तो विश्वकिरणांचा. अवकाशातून अतिशय वेगवान कण पृथ्वीवर अखंड येत असतात. वातावरणाच्या वरच्या थरात ते हवेच्या अणूंवर आदळतात आणि त्यातून निघालेले कण जमिनीपर्यंत पोहोचतात. हे वाचत असताना तुमच्या तळहातातून दर सेकंदाला असा साधारण एक कण आरपार जात आहे. तो दुखत नाही, दिसत नाही. त्या काळी कोड्यात टाकणारी गोष्ट अशी होती की मोजणीच्या उपकरणांत कधी कधी एकदम कणांची सरच कोसळायची. एवढे कण एकाच वेळी येतात कुठून?

१९३७ मध्ये भाभांनी वाल्टर हाइटलर या जर्मन शास्त्रज्ञाबरोबर याचे उत्तर गणिताने मांडले. त्याच वर्षी अमेरिकेत ओपेनहायमर आणि कार्लसन यांनीही स्वतंत्रपणे हाच विचार मांडला. आपल्या भाषेत सांगायचे तर हा शेताच्या वाटणीचा हिशोब आहे. वेगवान इलेक्ट्रॉन अणुकेंद्राजवळून जाताना आपली ऊर्जा गॅमा किरणाला वाटून देतो. तो गॅमा किरण पुढे जाऊन इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन अशा जोडीत फुटतो. त्या दोघांकडून पुन्हा गॅमा किरण निघतात, ते पुन्हा फुटतात. बापाची जमीन दोन मुलांत, मग चार नातवांत, मग आठ पणतवांत, तसे. प्रत्येक पिढीत वाटेकरी वाढतात आणि प्रत्येकाचा वाटा घटतो. शेवटी तुकडा इतका लहान होतो की पुढे वाटणी होऊच शकत नाही, आणि सर थांबते. वर एकच कण आला होता, खाली हजारो दिसले, ते असे.

या हिशोबाची खुबी अशी की तो उलटाही करता येतो. सगळ्या वाटेकऱ्यांचे तुकडे मोजले तर मूळ सातबाऱ्यावर किती जमीन होती ते कळते. तसेच सरीतले कण किंवा त्यांनी सोडलेली ऊर्जा मोजली तर मूळ कणाची ऊर्जा सांगता येते. न दिसणाऱ्या किरणाचे वजन करायचा काटाच यातून हाती आला.

त्याआधी, १९३५ मध्ये, भाभांनी आणखी एक गणित केले होते. तेव्हा ते नुकतेच सव्विशीत आले होते. इलेक्ट्रॉनचा उलट भाराचा जुळा भाऊ पॉझिट्रॉन सापडून तीनच वर्षे झाली होती. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले तर काय होईल? एक शक्यता साधी, दोघे एकमेकांना वळवून आपापल्या वाटेने जातील. दुसरी शक्यता अजब, दोघे एकमेकांत नाहीसे होतील आणि त्या ऊर्जेतून पुन्हा तशीच जोडी जन्माला येईल. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हींत फरक करता येत नाही. म्हणून दोन्ही शक्यता एकत्र धराव्या लागतात, हे भाभांनी दाखवले आणि कोणत्या कोनात किती कण विखुरतील याचे सूत्र दिले. जगभर आज या घटनेला भाभा विकिरण म्हणतात. तेव्हा हे कागदावरचे गणित होते. त्यासाठी लागणारी यंत्रे बनायला पुढची काही दशके जायची होती.

विश्वकिरणांत काही कण असेही होते जे शिशाच्या जाड थरातून आरपार जात. त्यांची सर होत नसे, म्हणजे ते इलेक्ट्रॉन नव्हते. इलेक्ट्रॉनपेक्षा जड असे नवे कण मानल्याशिवाय हा हिशोब जुळत नाही, हे भाभांनी ओळखले. आज आपण त्यांना म्यूऑन म्हणतो. हे कण स्थिर असताना सरासरी सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या दुप्पट एवढाच वेळ टिकतात. तेवढ्या वेळात प्रकाशही सहाशे-सातशे मीटरच जातो. मग कित्येक किलोमीटर उंचीवर जन्मलेला म्यूऑन जमिनीवर पोहोचतो कसा? वेगाने जाणाऱ्याचे घड्याळ हळू चालते, हा आइनस्टाइनचा सिद्धांत त्याचे उत्तर आहे. अशा कणांच्या आयुष्यावरून तो सिद्धांत थेट तपासता येईल, हे भाभांनी १९३८ मध्येच सुचवले आणि पुढे प्रयोगांनी ते खरे ठरवले.

१९३९ मध्ये ते सुटीसाठी भारतात आले आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले. परतीचा मार्ग बंद झाला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्या भौतिकशास्त्र विभागात त्यांना जागा मिळाली. टाटांच्या विश्वस्त निधीतून विश्वकिरणांच्या अभ्यासाचा एक विभागही सुरू झाला. भारतात हे संशोधन करण्याचा एक नैसर्गिक फायदा त्यांनी हेरला होता. पृथ्वीचे चुंबकत्व कमी ऊर्जेचे कण विषुववृत्ताजवळ अडवून धरते, म्हणून दक्षिण भारतात फक्त जास्त ऊर्जेचे कण पोहोचतात. केरळ ते काश्मीर एवढा पट्टा एकाच देशात असल्याने तुलना करणे सोपे. उपकरणे बांधलेले फुगे आकाशात सोडून मोजणी सुरू झाली. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

युद्ध संपल्यावर केंब्रिजला परत जाणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी तसे केले नाही. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी दोराबजी टाटा न्यासाच्या अध्यक्षांना एक पत्र लिहिले. मूलभूत भौतिकशास्त्राची पहिल्या दर्जाची संस्था देशात उभी करा, म्हणजे अणुऊर्जेचा दिवस येईल तेव्हा तज्ज्ञांसाठी परदेशाकडे हात पसरावे लागणार नाहीत, असा त्याचा आशय होता. हिरोशिमाला अजून जवळपास दीड वर्ष होते. अणूतून वीज मिळू शकते हे तेव्हा देशात फार थोड्यांना माहीत होते.

जून १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजेच टीआयएफआर, बंगळूरला सुरू झाली आणि वर्षअखेरीस मुंबईत आली. पहिली जागा होती पेडर रोडवरचा केनिलवर्थ बंगला, तोही अर्धा. पुढे संस्था गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली आणि १९६२ मध्ये कुलाब्याच्या समुद्रकाठच्या आजच्या वास्तूचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. भाभा आधी इमारत बांधून मग माणसे शोधणारे नव्हते. चांगला माणूस सापडला की त्याच्या भोवती विभाग उभा करायचा, ही त्यांची पद्धत. संस्थेच्या भिंतींवर त्यांनी हुसेन यांच्यासह त्या काळच्या तरुण चित्रकारांची चित्रे लावली. बागेतले झाडही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोल खाली उपकरणे नेऊन विश्वकिरण मोजले. १९६५ मध्ये तिथे जपानी आणि ब्रिटिश शास्त्रज्ञांसह वातावरणातल्या न्यूट्रिनो कणांच्या खुणाही टिपल्या गेल्या.

स्वातंत्र्यानंतर वर्षभरातच, ऑगस्ट १९४८ मध्ये, अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, अणुऊर्जा केंद्र उभे राहिले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तिथली अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. इंधन ब्रिटनहून आले होते, पण भट्टी आपल्या अभियंत्यांनी बांधली होती. पुढच्याच वर्षी तिथे प्रशिक्षण शाळा निघाली. नव्याने पदवी घेतलेल्या मुलामुलींना निवडून वर्षभर शिकवायचे आणि कामाला लावायचे, ही रीत तेव्हापासून चालू आहे. १९५५ मध्ये अणुऊर्जेच्या शांततामय वापरावर संयुक्त राष्ट्रांची पहिली मोठी परिषद जिनिव्हाला झाली, तिचे अध्यक्षपद भाभांकडे होते.

त्यांचे सगळेच बरोबर होते असे नाही. अणुविजेबद्दलचे त्यांचे अंदाज फार आशावादी निघाले. देशातल्या विजेत अणुविजेचा वाटा आजही साधारण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. टीआयएफआरमध्ये त्यांनीच आणलेले गणिती आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी भारतासारख्या उन्हाच्या देशाने सौरऊर्जेकडे वळावे, असा आग्रह धरला होता. दोघांत मतभेद वाढले आणि १९६२ मध्ये कोसंबींचा करार पुढे वाढवला गेला नाही. आज शेतात सौरपंप पाहताना कोसंबींचे म्हणणे आठवते. अणुऊर्जेचा कारभार थेट पंतप्रधानांच्या हाताखाली, बाहेरच्या चर्चेपासून दूर चालावा, ही भाभांची पद्धतही टीकेचा विषय झाली. मोठ्या माणसाच्या हिशोबाच्या वहीत जमा आणि खर्च दोन्ही बाजू लिहाव्या लागतात.

जमेच्या बाजूची एक नोंद मात्र डॉक्टर म्हणून मला सर्वांत मोलाची वाटते. टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९५७ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याकडे गेले होते. १९६२ मध्ये ते अणुऊर्जा खात्याकडे आले. रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे कशाला, असे कोणालाही वाटेल. पण कॅन्सरच्या उपचारात किरणांचे महत्त्व वाढत जाणार, आणि किरण वापरायचे तर डॉक्टराच्या शेजारी भौतिकशास्त्रज्ञ हवा, हे भाभांना दिसत होते. १९६३ मध्ये परळलाच रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले आणि किरणोत्सारी औषधे तपासणीत आणि उपचारात वापरण्याचे काम तिथे रुजले. ट्रॉम्बेच्या भट्ट्यांत तयार होणारी समस्थानिके देशातल्या रुग्णालयांकडे जाऊ लागली. पुढच्या काळात ट्रॉम्बेच्या अभियंत्यांनी कोबाल्टचे किरण देणारे देशी यंत्र बनवले आणि त्याला नाव दिले भाभाट्रॉन. भारताने असे एक यंत्र व्हिएतनामलाही भेट दिले.

हे फळ पाहायला भाभा नव्हते. २४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नातल्या बैठकीसाठी ते एअर इंडियाच्या कांचनजंगा विमानाने निघाले होते. मुंबई, दिल्ली, बैरूत असे थांबे घेत विमान जिनिव्हाला उतरण्याच्या बेतात असताना माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. सर्वच्या सर्व ११७ जण गेले. भाभांचे वय ५६ होते, लग्न केलेले नव्हते. या अपघाताबद्दल घातपाताच्या कहाण्या आजही मोबाईलवर फिरतात. फ्रान्सच्या चौकशीचा निष्कर्ष साधा होता. विमानातले दिशा दाखवणारे एक उपकरण बंद होते, जमिनीवरून आलेल्या सूचनेचा अर्थ वैमानिकाने चुकीचा घेतला आणि शिखर ओलांडले आहे असे समजून तो खाली येऊ लागला. पुरावा नसलेल्या कहाण्यांपेक्षा हा निष्कर्ष धरावा. वर्षभराने, जानेवारी १९६७ मध्ये, ट्रॉम्बेच्या केंद्राला भाभांचे नाव देण्यात आले.

ज्या जिनिव्हाला ते पोहोचू शकले नाहीत, तिथेच त्यांचे गणित पुढे कामाला आले. जिनिव्हाजवळ सर्न ही युरोपची कणभौतिकीची प्रयोगशाळा आहे. जमिनीखाली सरासरी शंभर मीटरवर सुमारे २७ किलोमीटर घेराचा गोल बोगदा खोदून तिथे १९८९ मध्ये एलईपी हे यंत्र सुरू झाले. एकीकडून इलेक्ट्रॉन, दुसरीकडून पॉझिट्रॉन, आणि दोघांची टक्कर. म्हणजे भाभांनी १९३५ मध्ये कागदावर मांडलेलाच प्रसंग.

अशा यंत्रात सर्वांत अवघड प्रश्न छेदाचा असतो. हे आरोग्य खात्यातल्या माणसाला लगेच कळेल. सिकलसेलचे दोन रुग्ण सापडले, एवढ्याने काही समजत नाही. शंभरांत दोन की हजारांत दोन, म्हणजे किती जणांना तपासले, ते ठाऊक हवे. कोलायडरमध्ये नवा कण दोनदा दिसला, तर किती टकरींच्या संधींतून दिसला, हे कळायला हवे. एलईपीमध्ये हा छेद भाभा विकिरणाने मिळत असे. लहान कोनात विखुरलेले इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन मोजायचे. त्यांचे प्रमाण किती असायला हवे हे सूत्राने अचूक माहीत असते. मोजलेल्या संख्येला त्याने भागले की छेद हाती येतो. हजारात एकापेक्षा कमी चूक राहील इतक्या काटेकोरपणे हे काम चाले. त्यावरूनच निसर्गात हलक्या न्यूट्रिनोंचे प्रकार तीनच आहेत, हे पक्के झाले. उत्तर तीनपेक्षा किंचित कमी येत होते. यंत्र २००० साली बंद झाल्यावर जवळपास वीस वर्षांनी शास्त्रज्ञांनी जुनी भाभा-मोजणी पुन्हा तपासली, तिच्यातली बारीक चूक दुरुस्त केली आणि उत्तर तीनच्या अगदी जवळ आले. बंद पडलेल्या यंत्राची वहीसुद्धा पुन्हा तपासायची, याला म्हणतात मोजण्याची शिस्त. एलईपीवरच्या एल-३ या प्रयोगात टीआयएफआरचे शास्त्रज्ञही होते.

त्याच बोगद्यात आता लार्ज हेड्रॉन कोलायडर आहे. त्यात प्रोटॉनवर प्रोटॉन आदळतात. ४ जुलै २०१२ रोजी जाहीर झालेला हिग्ज कण, ज्याला वर्तमानपत्रांनी देवकण म्हटले, तो इथलाच. हा कण क्षणात फुटतो आणि कधी कधी त्यातून दोन गॅमा किरण निघतात. सीएमएस या प्रयोगात ते पकडायला शिसेयुक्त टंगस्टेट स्फटिकांचे सुमारे ७६ हजार तुकडे लावले आहेत. गॅमा किरण स्फटिकात शिरतो, त्याची सर होते, स्फटिक चमकतो, आणि चमकेवरून मूळ ऊर्जा काढली जाते. वाटेकऱ्यांवरून मूळ सातबारा काढण्याचा तोच जुना हिशोब. याच प्रयोगातल्या दुसऱ्या एका मापकाचे भाग टीआयएफआर आणि पंजाब विद्यापीठाने बनवले. बोगद्यातल्या अवजड चुंबकांना बारकाईने जागेवर बसवणारे हजारो जॅक अणुऊर्जा खात्याच्या इंदूरच्या केंद्रामार्फत भारतातून गेले. सर्नच्या आवारात भारताने दिलेली नटराजाची मूर्ती २००४ पासून उभी आहे आणि २०१७ पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे.

एवढा खर्च करून जमिनीखाली कण आदळायचे आणि इकडे दवाखान्यात गोळ्या कमी, असा सवाल लोक करतात. तो चुकीचा नाही. पण दोन्ही गोष्टी एकमेकींपासून तितक्या दूर नाहीत. कॅन्सर रुग्णालयातले लिनिअर अॅक्सिलरेटर हे यंत्र कोलायडरचेच धाकटे भावंड आहे. तेही इलेक्ट्रॉनला वेग देते, धातूवर आदळवते आणि त्यातून क्ष-किरण काढते. फरक ऊर्जेचा, तो जवळपास दहा लाख पटींचा. पेट स्कॅनमध्ये रुग्णाला पॉझिट्रॉन सोडणारे औषध टोचतात. तो पॉझिट्रॉन शरीरातल्या इलेक्ट्रॉनांवर आदळत आदळत मंदावतो. हीच ती टक्कर, जिचे सूत्र भाभांनी दिले. शेवटी दोघे नाहीसे होतात आणि दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना निघतात. ते टिपणारे बीजीओ नावाचे स्फटिक अनेक पेट यंत्रांत वापरले गेले, आणि एल-३ प्रयोगातही हेच स्फटिक होते.

भाभांनी किरणोपचार शोधला नाही. तो त्यांच्या जन्माआधीच सुरू झाला होता. पण त्याच्या सुरुवातीच्या काळात डॉक्टरांना किरण किती दिला हे नीट सांगता येत नसे, आणि त्यापायी रुग्णांचे आणि खुद्द डॉक्टरांचेही हात भाजले. किरण मोजता येऊ लागला तेव्हाच तो भरवशाचे औषध झाला. आज तोंडाच्या कॅन्सरला साधारण ६० ते ७० ग्रे एवढी मात्रा देतात. हीच मात्रा एका वेळी सगळ्या शरीराला दिली तर माणूस वाचणार नाही, कारण त्यासाठी चार-पाच ग्रेसुद्धा जीवघेणे ठरू शकतात. म्हणून ती फक्त आजाराच्या जागेवर, रोज दोन ग्रेच्या हिशोबाने, सहा-सात आठवड्यांत विभागून देतात. प्रत्येक रुग्णाचा हिशोब यंत्रावर बसण्याआधी मांडला जातो आणि तो मांडणारा भौतिकशास्त्रज्ञ रुग्णाला बहुधा दिसतही नाही.

म्हणून ज्यांच्या घरात कोणाला शेक घ्यायला सांगितले आहे त्यांच्यासाठी तीन गोष्टी. बाहेरून यंत्राने किरण दिलेला रुग्ण स्वतः किरण सोडत नाही. यंत्र बंद झाले की किरण संपला, नातवाला खुशाल मांडीवर घ्यावे. दुसरे, तोंड येणे, कातडी काळवंडणे, गिळायला त्रास होणे हे परिणाम होतात, पण ते अपेक्षित असतात आणि त्यांवर औषध आहे, ते डॉक्टरांना सांगावे. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, मधले दिवस बुडवू नयेत. रोवणी आहे, लग्न आहे, भंडारा-नागपूर खेपा परवडत नाहीत, अशा कारणांनी उपचार अर्ध्यावर सुटतात. दरम्यान उरलेल्या कॅन्सरच्या पेशी पुन्हा वाढू लागतात आणि आधी घेतलेल्या मात्रेचा फायदा घटतो. राहण्या-जाण्याची अडचण असेल तर ती रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना पहिल्याच दिवशी सांगावी, शासकीय योजनांतून मिळणारी मदत विचारावी. मात्रा ठरवणाऱ्याने हिशोब नीट केलेला असतो. तो पूर्ण करणे मात्र रुग्णाच्या आणि त्याच्या घरच्यांच्या हाती असते.